दार उघडल्यावर आधी काय दिसतं

चावीवाले काका कोणाच्याही कुलपाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारत. "दार उघडल्यावर आधी काय दिसतं?"

ओळखपत्र ते मागत नसत. ते बहुतेकदा आतच राहिलेलं असतं, आणि ते बरोबर घेण्याइतका माणूस भानावर असता तर किल्लीही घेऊनच निघाला असता. म्हणून हा प्रश्न. समोरचा माणूस आधी भांबावे. दिवसभर राबून आलेला, हातात पिशव्या, आणि हा गृहस्थ आपल्याला कोडी घालतोय! पण मग तो क्षणभर डोळे मिटे आणि सांगे: चपलांचं कपाट, त्यावर मोडकी छत्री. काका कुलूप उघडत, दार ढकलत आणि आत पाऊल न टाकता बाहेरूनच बघत. छत्री दिसली की मजुरी घेऊन निघत. दिसली नाही तर दार परत ओढून घेत. चौतीस वर्षांत ही वेळ दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा काका मागे वळायच्या आत तो माणूस जिना उतरून पसार झाला होता.

काकांना या प्रश्नाचा अभिमान होता. चांगला घसघशीत अभिमान. बायकोला ते हजारदा सांगून झालं होतं आणि बायको हजारदा म्हणाली होती, "हो हो, फार मोठा शोध लावलात."

त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा कोनाडा. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत एवढाच. त्यात किल्ली कापायचं यंत्र, कानशींचा डबा, एक स्टूल आणि मागच्या भिंतीवर लाकडी फळी. खरी इस्टेट ही फळी. तिला एकेचाळीस हुक होते आणि प्रत्येक हुकावर कोणाच्या तरी घराची जादा किल्ली. कुलूप बसवून घेतलं की लोक आपणहून म्हणत, "काका, एक तुमच्याकडेच राहू दे." किल्ल्यांवर नावं नव्हती. फळी चोराच्या हाती लागलीच तर त्याने बसावं दारोदार लावून बघत. काकांच्या डोक्यात मात्र प्रत्येक हुकाचं नाव पक्कं होतं. 'उजवीकडे ओढा'. 'दोन मांजरं'. 'शिंका'. 'सासूला ऐकू येत नाही'.

पहिल्या हुकाचं नाव होतं 'बाई'. बाई म्हणजे पलीकडच्या गल्लीच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरीणबाई. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते आणि बाईंची शाळा दिवसभराची. कुलूप बसवताना काकांनी सवयीने विचारलं, "दार उघडल्यावर आधी काय दिसतं?" बाई म्हणाल्या, "आरसा. आणि त्यात मी, घाईत." मग किल्ल्यांपैकी एक काकांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "मी शाळेत असताना यांनी घंटी वाजवली तर खालचे लोक तुम्हाला फोन करतील. तुम्ही यायचं." त्या वेळी काकांच्या हाती कोणी घराची किल्ली दिली नव्हती. या भागात नवा माणूस, कोनाड्यातलं दुकान. परत येऊन त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्यावर ती किल्ली अडकवली. फळी नंतर आली. त्या किल्लीने काका दोनदा आत गेले. एकदा पडलेल्या यजमानांना उचलून पलंगावर ठेवायला, आणि दुसऱ्यांदा सगळं संपलं होतं तेव्हा. त्या दिवशी बाई शाळेतून येईपर्यंत ते पलंगाजवळ बसून राहिले होते. बाई ते कधी विसरल्या नाहीत, काकाही नाहीत. त्या किल्लीचं असं होतं.

आता एवढ्या सावध माणसाला कोणी शेंडी कशी लावावी? तर अशी.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. नंबर अनोळखी. काकांना सगळेच फोन अनोळखी नंबरावरून येत, त्यांचा धंदाच तो. पलीकडे एक मुलगी होती, आणि ती रडत होती.

"काका, माझं खातं बंद झालंय हो. मी बाहेरच अडकलेय. उघडायचा कोड यायला हवा होता माझ्या नंबरावर, तो चुकून तुमच्या नंबरावर गेलाय. एक आकडा इकडेतिकडे झाला माझ्याकडून. माझं सगळं त्यात आहे काका, नोकरीचे कागद, सगळं."

"रडू नकोस बाळ," काका म्हणाले. ते सगळ्यांनाच आधी हे म्हणत.

"सहा आकडे आलेत बघा तुमच्या फोनवर. तेवढे सांगा ना. तुम्ही नाही सांगितलेत तर मी बाहेरच राहणार."

बाहेर अडकलेय. चौतीस वर्षं काकांनी हेच वाक्य ऐकलं होतं, आणि ते ऐकलं की त्यांचे हात आपोआप हत्यारांच्या पिशवीकडे जात. इथे तर पिशवीही नको होती. जिने चढायचे नव्हते, गुडघा दुखायचा नव्हता. सहा आकडे वाचले की पोर आपल्या घरात. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश, नीट सांगितला. वर विचारलं, "उघडलं का?"

"उघडलं," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला. थँक्यूसुद्धा म्हणाली नाही. काकांना तेवढंच जरा खटकलं.

दार नव्हतं, कुलूप नव्हतं, म्हणून तो प्रश्न विचारायचं त्यांना सुचलंच नाही. दुसऱ्या कोणी, एखाद्या वाण्याने किंवा शिंप्याने, हे आकडे दिले असते की नाही कोण जाणे. पण काकांनी दिले, आणि ते भाबडे होते म्हणून नव्हे. आपण जन्मभर जे काम केलं तेच करतोय असं वाटून दिले.

दुपारी ते घरी जेवायला बसले होते. बायको समोर बसून फोन बघत होती. ती एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही दवाखान्यात आहात."

"मी?" काकांच्या तोंडात घास होता.

"असं तुम्हीच कळवलंय. अचानक ऑपरेशन करायचं आहे, पैशांची तातडीने गरज आहे, उद्या परत करतो. खाली निळ्या अक्षरांत कसलातरी पत्ता दिलाय, त्यावर बोट लावायचं म्हणे." तिने काकांकडे निरखून पाहिलं. "ऑपरेशन कशाचं ते लिहिलं नाहीत."

काकांनी आपला फोन काढला. मेसेजचं ॲप उघडेना. तुम्ही दुसऱ्या फोनवरून वापरत आहात, असं ते त्यांनाच सांगत होतं. म्हणजे ती मुलगी स्वतःच्या खात्याबाहेर अडकली नव्हती. तिने काकांच्या खात्यात शिरून आतून कडी लावली होती आणि काका बाहेर उभे होते. त्यांच्या फोनमध्ये सहाशे गिऱ्हाइकांचे नंबर होते.

त्यांची लेक धावत आली. ती एका दाताच्या डॉक्टरकडे कामाला होती, तिथून अर्धी सुट्टी टाकून आली आणि दोन फोन, बायकोची वही असं सगळं घेऊन खाटेवर बसली. तक्रार केली, ॲपवाल्यांना कळवलं, मग तिघांनी मिळून एकेकाला फोन लावायला घेतलं. तो मेसेज आमचा नाही, पैसे पाठवू नका. बहुतेकांनी पाठवले नव्हते. काही जण हसले. 'शिंका' म्हणाले, "मला वाटलंच, तुम्ही आणि इतकं लांबलचक लिहिणार!" चौघांनी थोडे थोडे पाठवले होते.

बाईंचा फोन काकांनी स्वतः लावला, बायकोच्या फोनवरून.

"बाई, तो मेसेज..."

बाई म्हणाल्या, "मी दिले. कार्डाचा नंबर टाकला, मग बँकेचा कोड आला, तोही टाकला. झालं ते झालं. ठेवते." आणि त्यांनी फोन ठेवला.

किती गेले ते दोन दिवसांनी कळलं, तेही त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या 'दोन मांजरं'कडून. बाईंच्या क्रेडिट कार्डावर कोणीतरी कुठेतरी दोन मोठे टीव्ही आणि एक फ्रीज घेतला होता. बँक म्हणत होती, कोड तुम्ही स्वतः दिलात, आम्ही काय करणार, तरी चौकशी करतो. बाईंचं तीन महिन्यांचं पेन्शन त्यात जाणार होतं. नवीन यंत्रासाठी साठवलेले पैसे काकांनी त्याच संध्याकाळी पाकिटात भरले आणि लेकीच्या हाती पाठवले. बाईंनी ते दारातूनच परत पाठवले. निरोप एवढाच, की नकोत. लेकीला आतही बोलावलं नाही. याच लेकीला एके काळी त्यांनी तीन वर्षं गणित शिकवलं होतं, त्याच घरात, एक पैसाही न घेता.

"रागावल्यात," काका म्हणाले.

"मला नाही वाटत, बाबा. रडल्यासारखे दिसत होते डोळे."

"म्हणजे रागावल्यातच."

आणि मग किल्ल्या जायला लागल्या.

कोणी तोंडावर काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पहिले 'उजवीकडे ओढा' आले. म्हणाले, "काका, मुलगा येणार आहे राहायला, त्याला एक किल्ली लागेल. ती आपली जादा देता का?" काकांनी हुकावरची काढून दिली. खरं तर मुलासाठी किल्ली हवी असेल तर माणूस नवी कापून घेतो. काकांचा तोच धंदा. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि यांनाही. दुसऱ्या दिवशी 'सासूला ऐकू येत नाही' आली. सासूला बरं नाही, म्हणाली. सासूला बरं नसताना जादा किल्ली चावीवाल्याकडे असलेली चांगली, पण काकांनी काढून दिली. असं करत करत लोक येत राहिले, हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले, काकांच्या गुडघ्याची चौकशी करत राहिले आणि किल्ली खिशात टाकून जात राहिले. तीन आठवड्यांत चोवीस हुक रिकामे झाले.

ज्याने आपल्या फोनची किल्ली अशी रडणाऱ्या पोरीच्या हातात दिली, त्याच्याकडे आपल्या घराची कशी ठेवायची? काका लोकांच्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं. हे त्यांना पटत होतं, म्हणूनच जास्त लागत होतं. आता कोनाड्यात ते फळीकडे पाठ करून बसायला लागले.

पहिल्या हुकावरची किल्ली मात्र तशीच होती. बाई न्यायला आल्या नव्हत्या. काका रोज सकाळी शटर उघडताना आधी तिकडे बघत. आज येतील, असं म्हणत. येतील, हात पुढे करतील, आणि बाई कारणबिरण सांगणाऱ्यांतल्या नाहीत, सरळ म्हणतील, माझी किल्ली द्या. सगळी फळी रिकामी झाली असती तरी काकांनी सोसलं असतं. ती एक गेली की मात्र आपण गाशा गुंडाळायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे बायकोला सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतंच.

दुसरं एक ठरवलं होतं ते सगळ्यांना सांगितलं होतं. अनोळखी नंबर उचलायचा नाही. लेकीने आपलं सहज म्हटलं होतं, "बाबा, काही दिवस जपून." काकांनी कानाला खडाच लावून घेतला. फोन वाजला की ते नंबर बघत. नाव दिसलं नाही की फोन पुसायच्या फडक्याखाली सारत. वाजून वाजून तो गप्प होई. दुकानात येईल त्याची किल्ली कापून देत, तेवढाच काय तो धंदा.

"कमाल आहे," बायको म्हणाली. "घराबाहेर अडकलेला माणूस काय ओळखीचा असतो? तुम्हाला नाव दिसेल असा तो आधी तुमच्याकडे नोंद करून मग अडकणार होय?"

"ज्याला गरज आहे तो दुकानात येईल."

"येईल तर! लेकरू आत आणि आई बाहेर असली की ती दुकान शोधत हिंडेल."

काका ताटावरून उठले. चौतीस वर्षांच्या संसारात ते असं पहिल्यांदाच उठले होते, त्यामुळे बायकोही घाबरली.

त्या गुरुवारी काकांनी उरलेल्या सतरा किल्ल्याही फळीवरून काढल्या. लोकांनी एकेक करून यावं, त्यांनी थापा माराव्यात, आपण त्या ऐकाव्यात, यापेक्षा आपणच परत देऊन टाकलेलं बरं. त्यांनी त्या एका पत्र्याच्या डब्यात भरल्या. पहिल्या हुकाशी हात अडखळला. मग ती पण काढली आणि डब्यात टाकली. रिकामी फळी उघडीबोडकी दिसायला लागली. तेवढ्यात फोन वाजला.

अनोळखी नंबर. त्यांनी तो फडक्याखाली सारला. पूर्ण वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजला. काका यंत्राला तेल घालत बसले. फोन तिसऱ्यांदा वाजला. ही तीच पोरगी असेल, ते स्वतःला म्हणाले. नाही तर तिची बहीण. त्यांनी फोन फडक्यासकट खणात टाकला आणि खण लावला. खणातूनही तो ऐकू येत होताच.

वीसेक मिनिटांनी एक बाई धापा टाकत कोनाड्याशी येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात अजून झाडू. ही मास्तरीणबाईंच्या इमारतीचा जिना झाडणारी मावशी. ती काकांना तोंडओळखीने माहीत होती.

"फोन काय शोभेला ठेवलाय?" ती म्हणाली. "माझ्या फोनवरून तीनदा लावला! तुमच्या बाई दाराबाहेर अडकल्यात. किल्ली आत, फोन आत, आणि शेगडीवर चहाचं भांडं चालू. वास यायला लागलाय जळका. त्या तिथून हलायला तयार नाहीत. दारावरच्या तुमच्या पट्टीवरचा नंबर वाचून लावत होत्या बिचाऱ्या, आणि तुम्ही इथे बसलाय हातावर हात ठेवून!"

आपण बसवलेल्या प्रत्येक कुलपाच्या वर ते आपल्या नंबराची पत्र्याची बारकी पट्टी ठोकत. अडचणीला उपयोगी पडावी म्हणून. त्यांनी डबा पालथा केला. सतरा किल्ल्या यंत्रावर विखुरल्या, सगळ्या एकसारख्या पिवळट, आणि आता हुकच नव्हते सांगायला कोणती कोणाची. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवली. बाईंच्या किल्लीच्या मानेजवळ एक खाच होती. बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदाच कोणाची तरी किल्ली आपल्याकडे राहणार म्हणून त्यांचा हात थरथरला होता आणि कानस घसरली होती. खाच सापडली. शटर उघडंच टाकून ते पळाले. गुडघ्याने बरीच कुरकुर केली, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

बाई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. बाहेर जायचे कपडे, बाहेर जायच्या चपला, हातात मात्र काहीच नाही. काकांना बघून त्या कठड्याला धरून उठल्या. त्या तीन आठवड्यांत बऱ्याच वाळल्या होत्या. दाराच्या फटीतून जळक्या चहाचा वास येत होता.

काकांनी किल्ली कुलपाला लावली आणि हात थांबला. बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून निघालं ते सवयीचं.

"दार उघडल्यावर आधी काय दिसतं?"

मावशीने कपाळावर हात मारला. "अहो, आत धूर होतोय!"

बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "खुर्ची."

"खुर्ची कशी? आरसा आहे तिथे."

"आता खुर्ची आहे. उघडा, म्हणजे कळेल."

काकांनी किल्ली फिरवली. दार उघडलं. आरशाच्या पुढ्यात, दाराकडे तोंड करून एक स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली होती. तिच्यावर बाईंची पर्स, पर्सवर त्यांचा फोन आणि घराची किल्ली. पहिल्यांदाच काका कोणाच्या परवानगीची वाट न बघता आत शिरले, शेगडी बंद केली, भांडं चिमट्याने उचलून बेसिनमध्ये ठेवलं आणि खिडकी उघडली. चहाचा पार कोळसा झाला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर शेजारच्या टॉवेलने पेट घेतला असता. ते स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा मावशी झाडू घेऊन आपल्या जिन्याकडे वळली होती आणि बाई दारातच उभ्या होत्या.

"बाई, फोन वाजत होता," काका म्हणाले. लपवून ठेवणं त्यांना जमलं नसतं. "तिन्ही वेळा ऐकला मी. मुद्दाम उचलला नाही. अनोळखी नंबर म्हणून."

"बरोबर केलंत की."

"काय बरोबर केलं? घर पेटलं असतं."

बाई खुर्चीवरची पर्स उचलून तिथे बसल्या. "ही खुर्ची इथे तीन आठवडे आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी कपडे करते, चपला घालते, आणि तुमच्याकडे यायचं म्हणून इथे बसते. मग उठवत नाही. आज चहा ठेवला आणि एकदम वाटलं, आत्ता गेले नाही तर कधीच जाणार नाही. तशीच निघाले. दार मागे ओढलं आणि कळलं, सगळं आतच राहिलं."

"किल्ली न्यायलाच येत होतात ना? मी आजच काढून ठेवली होती. तुम्हाला कशाला त्रास..."

"कसली किल्ली?" बाई खरंच गोंधळल्या होत्या. "अहो, मला लाज वाटत होती. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, वाचा मग लिहा, विचार करा मग उत्तर द्या. आणि मी काय केलं? तुमचा मेसेज आला. इतका नीट लिहिलेला, की मला आनंद झाला. म्हटलं, एवढी वर्षं सांगतेय लिहायला शिका, शिकले एकदाचे. माणूस दवाखान्यात आहे आणि मी त्याच्या शुद्धलेखनाचं कौतुक करतेय! एक फोन करून विचारलं असतं तर दोघं वाचलो असतो. केला नाही. तुमच्या लेकीला दारातून परत पाठवलं, कारण ती आत आली असती तर मी तिच्यासमोर रडले असते. माझी विद्यार्थिनी आहे ती."

"पण माझ्या नावाने फसलात तुम्ही. माझ्यामुळे."

"तुमच्या नावाने फसले," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. "दुसऱ्या कोणाच्याही नावाने मेसेज आला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा विचारले असते, त्याला तर आधी विचारले असते. तुमचं नाव बघितलं आणि मला यांचा पलंग दिसला, यांच्याजवळ बसलेले तुम्ही दिसलात. त्यापुढे विचारायचं काय? आता मला एवढंच सांगा, त्या चोरट्या पोरीने माझे पैसे नेले ते नेले. तुमचं नावही तिलाच देऊन टाकायचं का आपण?"

काका उभेच होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांना सुचत नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना दारात रडताना पाहिलं होतं. दाराच्या आत उभं राहून रडायची त्यांची ही पहिलीच वेळ.

त्यांनी हातातली किल्ली पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही.

"माझ्याकडे माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी ती आत विसरते, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत. ती जाईल तिच्या जागेवर. आता ही खुर्ची आत न्या. मला रोज सकाळी तिला अडखळायला होतं."

काकांनी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. बाईंनी दुसरं भांडं काढून पाणी ठेवलं आणि शेगडीपाशीच उभ्या राहिल्या, या वेळी कुठेही न जाता. आरसा पुन्हा मोकळा झाला होता.

चहा कपात ओतत असतानाच काकांच्या खिशात फोन वाजला. घाईत येताना त्यांनी तो खणातून फडक्यासकट उचलला होता, हे त्यांना आत्ता कळलं. फडक्यातून त्यांनी तो सोडवला. नाव नव्हतं, नुसता नंबर. बाईंनी ओतायचं थांबवलं. दोघंही फोनकडे बघत राहिले. तो वाजत होता, आणि काकांच्या अंगठ्याला घाम आला होता.

त्यांनी फोन कानाला लावला.

"हॅलो, चावीवाले का?" कोणी पुरुष होता, भेदरलेला. "मी दाराबाहेर राहिलोय हो, आणि आत माझा..."

"घाबरू नका," काका म्हणाले. ते सगळ्यांनाच आधी हे म्हणत. दुसऱ्या हाताने ते हत्यारांची पिशवी शोधत होते. ती दुकानातच राहिली होती. "येतो मी. पण आधी सांगा, दार उघडल्यावर आधी काय दिसतं?"